डब्लिनच्या टेकडीवरचा शेंदूर

अमेरिकेहून परतल्यावर वर्षभर मी त्या प्रवासाबद्दल जिथे-तिथे बोललो. निवृत्त अभियंत्यांच्या मंडळात बोललो, गल्लीतल्या गणपतीसमोर बोललो, एका दिवाळी अंकात चार पानंही लिहिली. आपोआप उघडणारी दारं, पुठ्ठ्याच्या डब्यातलं ताक, रस्त्यावर चिटपाखरू नसताना लाल दिव्यापाशी शहाण्यासारख्या थांबणाऱ्या गाड्या, असं सगळं त्यात होतं. लोक हसले, टाळ्या मिळाल्या. टेकडीबद्दल मात्र मी कधीच बोललो नाही. कुणी विचारलंच, "तिकडचे रेड इंडियन पाहिलेत का हो?" तर "छे, ते आता कुठे राहिलेत," म्हणून मी विषय बदलत असे. एकीला मी पाहिलं होतं. तिच्या पंक्तीला बसून जेवलो होतो. हे सांगायला लागलो असतो तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

ज्यांच्यासाठी गप्प बसलो असं मी स्वतःला समजावत आलो, त्यांतली माझी पत्नी आता नाही. जावई निवृत्त होऊन बसले आहेत. मी नव्वदीला टेकलो. तेव्हा तो प्रवास गाळलेल्या भागासकट एकदा लिहून टाकतो.

डब्लिन, ओहायो

शहाऐंशी सालचा उन्हाळा संपता संपता आम्ही दोघं, मी आणि ही, गेलो ते नीलाच्या, आमच्या मुलीच्या, बाळंतपणासाठी. मी पाटबंधारे खात्यातून नुकताच निवृत्त झालो होतो. हिच्या बॅगेत डिंक, अळीव, बाळंतशोपा, वेखंड असा निम्मा काष्ठौषधींचा बाजार होता. न्यूयॉर्कच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने वेखंडाची कांडी नाकाशी धरली आणि विचारलं, "हे काय?" ही ठणकावून म्हणाली, "बेबी!" त्याने कांडी हळूच परत ठेवली आणि आम्हाला जाऊ दिलं.

डब्लिन म्हणजे कोलंबस शहराच्या कडेचं गाव. मक्याची शेतं संपतात तिथे नवी घरं सुरू होतात आणि ती संपली की पुन्हा मका. घरं देखणी, पण दारात कुणी बसलेलं दिसायचं नाही. पहिले आठ दिवस मी खिडकीत बसून माणूस दिसण्याची वाट पाहिली. दिसला तो टपालवाला, तोही गाडीतून न उतरता पत्र टाकून गेला. जावई श्रीकांतराव एका खाजगी कंपनीत रस्त्यांची आखणी करत. गुणी माणूस. त्यांचं ग्रीन कार्ड त्याच कंपनीमार्फत व्हायचं होतं आणि घरात ते नाव एखाद्या नाजूक दुखण्यासारखं हळू आवाजात घेतलं जाई.

शेजारी डोरोथी नावाच्या बाई राहत. सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. त्या एक दिवस काचेच्या भांड्यात सफरचंदाचा 'पाय', म्हणजे गोड सारण भरून भाजलेली जाड पोळी, घेऊन आल्या. आता कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही आपली रीत. हिने त्यात पोह्यांचा चिवडा भरून पाठवला. डोरोथीबाईंना वाटलं, आता आपली पाळी. त्यांनी मक्याचा पाव भरून पाठवला. हिने कोथिंबिरीच्या वड्या. ते काचेचं भांडं दीड महिना कुंपणावरून ये-जा करत होतं आणि थांबवायचं कसं ते दोघींनाही कळत नव्हतं. हिला 'डोरोथी' म्हणता येईना, म्हणून ती त्यांना 'दुर्गाताई' म्हणायची. बाईंना ते नाव इतकं आवडलं की पुढे त्या हिच्याकडे दार वाजवताना आतपर्यंत ऐकू येईल असं ओरडायच्या, "दुर्गाताई हियर!"

याच बाईंनी मला टेकडी दाखवली. नीलाच्या घरामागून एक ओढा सायोटो नदीकडे जातो. त्याच्या पलीकडे ओक आणि मेपल वृक्षांनी झाकलेली एक लांबट टेकडी होती. वर गेलो तर झाडीत थोडी मोकळी जागा, चपट्या दगडांचं एक गोल कडं, आणि कड्याच्या मधोमध कमरेइतका उंच एक दगड पूर्वेकडे कलंडलेला. त्याच्या बुडाशी शेवाळ होतं, एका अंगाला करडी बुरशी.

बाई कड्याच्या बाहेरच थांबल्या. म्हणाल्या, "हे इथल्या मूळच्या शॉनी लोकांचं असावं असं मला वाटतं. दीडशे वर्षांपूर्वी त्यांना इथून हाकललं. मिसिसिपीपलीकडे नेलं. ही जागा जुन्या वास्तूंच्या सरकारी नोंदणीत यावी म्हणून मी चार वर्षं भांडते आहे."

"नोंदणी झाली तर काय होईल?"

"इथून मोठा रस्ता जायचाय. सरकारी पैशाचा. नोंदणीला पात्र ठरली तर त्यांना जागेचा विचार करावा लागेल, रस्ता बाजूने न्यावा लागेल. नाही ठरली तर..." बाईंनी काठीने हवेत एक सरळ रेघ ओढली.

ती रेघ मी आधी पाहिली होती. श्रीकांतरावांच्या टेबलावरच्या नकाशात. मी बाईंना तसं बोललो नाही.

"हिवाळ्याआधी सरकारचा पुरातत्त्वज्ञ येऊन पाहणार आहे," त्या म्हणाल्या. "तोवर आत कुणी पाय ठेवायचा नाही. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनाही मी बाहेरूनच दाखवते. काही हलता कामा नये."

मी मान डोलावली. मला ते पटलं, पण कसं पटलं ते आज सांगतो. मी ते सोवळं समजलो. देवाच्या गाभाऱ्यात वाटेल त्याने, वाटेल त्या अवस्थेत जायचं नाही, तसं. बाई सांगत होत्या ते पुराव्याबद्दल. जन्मभर मोजमापं केलेला मी इंजिनियर, मला ते कळायला हवं होतं. पण समोर दगड होता, कडं होतं, बाई आत पाऊल टाकत नव्हत्या. माझं डोकं आपसूक गावच्या वाटेने गेलं.

नाग

एका रविवारी श्रीकांतराव म्हणाले, "बाबा, तुम्हाला अशा जागा आवडतात ना, चला, एक जेन्युइन दाखवतो. दोन तास ड्राइव्ह आहे." त्यांनी आम्हाला दक्षिणेला नेलं. तिथे हिरवळीतून वळणं घेत गेलेला मातीचा एक लांबच लांब नाग आहे, जुन्या लोकांनी रचलेला. वाहनतळ, पाण्याचे नळ, स्वच्छ संडास, वरून पाहायला लोखंडी मनोरा. कुंपणाच्या आत पायवाट सोडून पाऊल टाकायचं नाही. आणि लोक खरंच टाकत नव्हते.

मी भारावलो. आपल्याकडे देवळाबाहेर सरकारची निळी पाटी गंजत उभी असते आणि तिच्या आडोशाला लोक लघवीला बसतात. मी ते बोलून दाखवलं. नीला हसली. म्हणाली, "बाबा, इथे रजिस्टर झालं की झालं. मग नो टचिंग."

"आणि ज्यांनी बांधलं ती माणसं?" हिने विचारलं.

पाटीवर त्याबद्दल दोन ओळी होत्या. श्रीकांतरावांनी त्या वाचल्या आणि म्हणाले, "गेले, आई. कधीच." मग आम्ही गाडीच्या टपावर दशम्या आणि लसणाची चटणी ठेवून जेवलो. शेजारच्या एका कुटुंबाने चटणीचा वास आल्यावर गाडी थोडी पुढे घेतली.

बारशाआधी

नीलाला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी कावीळ दिसली. पोरीला निळ्या दिव्याखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी बांधून. डॉक्टर म्हणाले, अनेक बाळांना होतं, काळजी नको. हिला ते मुळीच पटलं नाही. आमच्याकडे पाचव्या दिवशी सटवाईची पूजा करतात, पाटा-वरवंटा मांडून. हॉस्पिटलात वरवंटा कुठून आणणार? पोरगी घरी आली तरी दूध नीट घेईना, रडत राही. नीला कंटाळून म्हणायची, "आई, इट्स नॉर्मल." ही काही बोलायची नाही, पण एका सकाळी माझ्यासमोर येऊन बसली.

"पोर या जमिनीवर जन्मली. इथल्या जागेवाल्याला आपण नारळसुद्धा दाखवला नाही."

"इथे कुठला जागेवाला?"

"जमीन आहे तर जागेवाला असणारच. तुम्ही रोज फिरायला जाता तो दगड कुणाचा?"

मी देवभोळा नव्हतो. धरणाच्या कामावर असताना बुडणाऱ्या गावांतले देव हलवायचं काम माझ्याकडे असे. वाजतगाजत मूर्ती उचलायची, नव्या वसाहतीत सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवायची, की लोक निमूट मागे येत. देवाला मी कामाचा एक टप्पा समजत असे. पण नात रडत होती आणि हिचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, जाऊ, होऊन जाऊ दे.

मी अंघोळ केली. धोतर नेसलो, वर जावयाचा ओव्हरकोट चढवला. हिने पोरीला दुपट्यात गुंडाळलं. दुकानातून आणलेला नारळ, हिच्या बॅगेतली शेंदराची पुडी आणि बाटलीत मक्याचं तेल. नीला झोपली होती. ओढा ओलांडून वर गेलो. कड्याबाहेर बूट काढले. पानांवर दव होतं, पाय बधिर झाले.

दगड तिरपा होता. ही म्हणाली, "देव असा पडलेला? त्याला आधी नीट बसवा."

मी ते फार मन लावून केलं. एका जाड फांदीची तरफ केली. दगड उचलताना खड्ड्यात, बुडाशी, हाताच्या तळव्याएवढे सात-आठ चपटे दगड दिसले. कडा झिजलेल्या, एकावर एक नीट रचलेले. कुणीतरी फार पूर्वी हाच दगड उभा करताना ठोकलेल्या चिपा होत्या त्या. मी ते ओळखलं. 'वा, गवंडी चांगला होता,' असंही मनात म्हटलं. आणि त्या ढिल्या झाल्यात म्हणून उपसून झाडीत फेकल्या. खालच्या ओढ्यातून ताजे दगड आणले, पाचर मारून दगड सरळ बसवला. ओळंबा नव्हता, तर दोऱ्याला घराची किल्ली बांधून तपासलं. मग तेलात शेंदूर कालवून वरपासून खालपर्यंत लावला. नारळ वाढवला, पाणी शिंपडलं. हिने पोरीचं कपाळ दगडाला टेकवलं.

पोरगी रडायची थांबली. त्या दिवशी दूधही प्यायली. ही दिवसभर गुणगुणत होती. मीही खूश होतो. तो शेंदूर लावलेला दगड उन्हात इतका आपला दिसत होता की परक्या मुलखात पहिल्यांदा मला करमल्यासारखं झालं.

रूथ

दोन आठवड्यांनी डोरोथीबाई दारात आल्या त्या कधी नव्हे इतक्या आनंदात. त्यांच्याकडे ओक्लाहोमाहून पाहुण्या आल्या होत्या. रूथ नावाच्या, शॉनी जमातीच्या, साठीच्या बाई. टेकडीच्या नोंदणीची सुनावणी होती, तीत जमातीच्या वतीने बोलायला म्हणून त्या बसने आल्या होत्या, दीड दिवस बसून. हिने लगेच दोघींना जेवायला बोलावलं.

रूथबाई ठेंगण्या, रुंद चेहऱ्याच्या, पायात पुरुषी बूट. बोलणं कमी. मुगाची खिचडी, तूप, कढी असा बेत होता. त्यांनी दोनदा वाढून घेतलं. हिने आग्रह केला की हसून ताट पुढे करायच्या. आमच्या एखाद्या आत्याबाईच वाटल्या.

"सकाळी आम्ही टेकडीवर गेलो होतो," डोरोथीबाई म्हणाल्या. "रूथ, सांग ना यांना."

रूथबाईंनी चमचा खाली ठेवला. "आजीने मला सांगितलं होतं, नदीच्या वळणावर, टेकडीवर दगड आहे. तिला तिच्या आजीने सांगितलं होतं. त्यांना तिथून निघावं लागलं, पण काही घरं लपून राहिली, असं ती म्हणायची. मला वाटायचं, म्हातारी मनाचं समाधान करते." त्यांनी आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. "आज मी पाहिलं. दगड उभा आहे. त्याला लाल रंग लावलाय. ताजा. आमच्याकडेही लाल लागतो. कशासाठी ते मी सांगणार नाही. पण कुणीतरी आमचं माणूस इथे अजून आहे. गुपचूप येतं, सांभाळतं. दीडशे वर्षं!"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. हिला इंग्रजी कळत नसे. ती मला म्हणाली, "काय झालं हो? तिखट लागलं का? दही द्या त्यांना." मी दही दिलं.

डोरोथीबाईंना रंगाबद्दल आणि सरळ झालेल्या दगडाबद्दल जरा चिंता होती, पण मैत्रिणीचा आनंद पाहून त्यांनी तो विषय काढला नाही. रूथबाईंनी मला विचारलं, "तुम्ही काय काम करत होता?"

"धरणं बांधत होतो."

"म्हणजे गावं उठवत होता."

"हो. पण त्यांचे देव आम्ही मानाने हलवले. वाजतगाजत."

"आणि देव गेले?"

"गेले."

त्यांनी कढीची वाटी पुढे ओढली. म्हणाल्या, "तुमचे देव चांगले. आमचे येत नाहीत. म्हणून मला इतक्या लांबून यावं लागतं."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. त्यांचं ते माणूस मी त्यांच्याकडून कसं काढून घेणार होतो?

गाडीत

दुसऱ्या दिवशी श्रीकांतराव मला किराणा आणायला घेऊन निघाले. विद्यापीठाजवळ एक गुजराती माणूस आठवड्यातून तीन दिवस दुकान उघडायचा, तिथे तूरडाळ मिळे. वाटेत मी सगळं सांगितलं. त्यांनी गाडी एका पेट्रोलपंपावर घेतली आणि इंजिन बंद केलं.

"बाबा, प्लीज. हे कुणालाच बोलू नका."

"अहो, पण त्या लोकांना वाटेल..."

"माझं ऐका. रस्ता कुणी डिझाइन केलाय? माझ्या कंपनीने. त्या ड्रॉइंग्जवर माझं नाव आहे. आणि हिअरिंगच्या आधी साइट कुणी डिस्टर्ब केली? माझ्या सासऱ्यांनी. कोण मानेल की शेंदूर लावायला गेले होते? म्हणतील, यानेच करवलं. जॉब जाईल, ग्रीन कार्ड जाईल, नीला आणि बाळ..." त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून जोडले. "तुमच्या पाया पडतो."

जावयाने पाया पडतो म्हणावं! मी म्हटलं, "नाही बोलणार." आम्ही तूरडाळ घेतली, एक डबा लोणचं घेतलं आणि परतलो. वाटेत ते मुद्दाम फुटबॉलबद्दल बोलत राहिले.

सुनावणी

सुनावणी शाळेच्या व्यायामशाळेत होती. घडीच्या खुर्च्या, कागदी कपांत कॉफी, साखर लावलेले, मधे भोक असलेले वडे. मला वाटलं होतं तावातावाने भांडणं होतील. सगळे नावानिशी, रांगेने, तीन मिनिटं बोलत आणि आभार मानून बसत. आमच्या पुनर्वसनाच्या सभांत लोक टेबल उलथायचे. मला त्या शिस्तीचं तेव्हाही कौतुक वाटलं. टेबल उलथता येत नसेल तर माणसाने काय करायचं, हे मात्र सुचलं नाही. ही हट्टाने बरोबर आली होती, 'दुर्गाताई बोलणार आहेत' म्हणून.

पुरातत्त्वज्ञ दाढीवाला, मृदू बोलणारा माणूस होता. प्रामाणिक होता, त्याला मी दोष देत नाही. त्याने सांगितलं की दगडावरचा रंग तेलात कालवलेला आहे आणि काही आठवड्यांपूर्वीचा आहे. बुडाची माती ताजी उकरलेली आहे. आधाराचे दगड ओढ्यातले, त्यांवर अजून ओढ्याचा गाळ आहे. नारळाची करवंटी सापडली. "कडं जुनं असू शकेल," तो म्हणाला, "पण ते शेतकऱ्यांनी गोळा केलेले दगडही असू शकतात. सारं त्या मधल्या दगडावर अवलंबून होतं. तो मुळात कुणी उभा केला होता की नाही, हे आता मी सांगू शकत नाही. खड्डाच विस्कटलाय. बहुधा हौशी तरुणांचं काम. मला फार वाईट वाटतं."

डोरोथीबाई उठल्या. महिन्याभरापूर्वी दगड तिरपा होता, शेवाळलेला होता, हे त्यांनी सांगितलं. त्याने विचारलं, बुडाशी काय होतं ते पाहिलंत का? त्या म्हणाल्या, "नाही. मी कधी आत पाऊल टाकलं नाही."

मग रूथबाई उठल्या. कागद नव्हता. म्हणाल्या, "रंग नवा असणारच. तो लावणारा जिवंत आहे. तुम्हाला मेलेल्यांचा पुरावा हवा असतो. जिवंत माणूस येऊन काही करून गेलं, की तुम्ही म्हणता जागा बिघडली."

अध्यक्ष चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, तो माणूस पुढे आला तर आम्ही जरूर ऐकू." मग सगळ्यांकडे पाहून म्हणाले, "दगड कुणी उभा केला, त्याआधी तो कसा होता, खाली काय होतं, हे इथे कुणाला ठाऊक असेल तर कृपा करून सांगा. त्याने फरक पडेल."

त्या सगळ्या सभागृहात, खरं म्हणजे त्या सगळ्या देशात, ते ठाऊक असलेला एकच माणूस होता. झिजलेल्या कडांच्या चिपा मी हातात धरल्या होत्या. कुठे फेकल्या तेही मला माहीत होतं, मी त्या गोळा करून टेबलावर आणून ठेवू शकलो असतो. दोन ओळी पुढे श्रीकांतराव त्यांच्या साहेबाशेजारी बसले होते. त्यांची मान ताठ झालेली मला मागून दिसत होती.

हिने कोपराने ढोसलं. "काय विचारतायत हो?"

"काही नाही," मी म्हटलं. "रस्त्याचं चाललंय."

अध्यक्षांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग आभार मानले.

जागा नोंदणीला पात्र ठरली नाही. पुढल्या वर्षी रस्ता झाला. नंतर एकदा आम्ही गेलो तेव्हा नीलाने त्याच रस्त्याने विमानतळावरून घरी आणलं. टेकडी मधून कापली होती. मी कुठे कडं असेल याचा अंदाज घेत होतो, तोवर गाडी पुढे गेली. नीला म्हणाली, "बघा बाबा, पूर्वी किती वेळ लागायचा!" नात मागच्या सीटवर बसून गाणं ऐकत होती. डोरोथीबाई तोवर वारल्या होत्या. त्यांच्या घरात दुसरे लोक होते, आणि कुंपण काढून टाकलेलं होतं. हिला शेवटपर्यंत मी काही सांगितलं नाही. आपण जागेवाल्याला नारळ दिला आणि पोर वाचली, एवढंच घेऊन ती गेली. आपल्या हाताने काय गेलं हे तिला कळलं नाही, याचं सुख मानावं की दुःख, मला ठरवता आलेलं नाही.

बसस्थानक

सुनावणीच्या दुसऱ्या सकाळी डोरोथीबाई रूथबाईंना कोलंबसच्या बसस्थानकावर सोडायला निघाल्या. मी आपणहून गाडीत बसलो. हिने वाटेसाठी तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून दिल्या होत्या. रात्री मी इंग्रजी वाक्यं मनाशी जुळवली होती. शब्द मुळीच अवघड नव्हते.

स्थानक धुराने आणि झोपलेल्या माणसांनी भरलेलं होतं. डोरोथीबाई तिकिटाचं पाहायला गेल्या. आम्ही दोघंच बाकावर. रूथबाईंच्या मांडीवर पुऱ्यांचं पुडकं होतं.

मी म्हटलं, "मला तुम्हाला काही सांगायचंय."

"मलाही," त्या म्हणाल्या. "मी काल रात्री वर जाऊन आले. वाट पाहिली. कुणी आलं नाही. भीत असतील, मी समजू शकते. तुम्ही अजून महिनाभर आहात ना? रोज फिरायला जाता, डोरोथी म्हणाली. रस्त्याची मशीनं येईपर्यंत ते माणूस एकदा तरी येईल. भेटलं तर सांगा, की आम्हाला कळलंय. की ओक्लाहोमात आम्ही पुष्कळ आहोत, त्याने एकटं वाटून घेऊ नये. सांगाल?"

मी म्हटलं, "सांगेन."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. बस लागली. डोरोथीबाई तिकीट घेऊन आल्या, दोघी गळ्यात पडल्या. रूथबाई चढल्या, खिडकीपाशी बसल्या, पुडकं उंच करून दाखवलं आणि हसल्या. काच बंद होती. बस हलल्यावर माझे ओठ हलले, तेव्हा त्यांना वाटलं असेल मी निरोप देतो आहे, कारण त्यांनीही हात हलवला.

रूथबाई, तुमचं कुणी तिथे येत नव्हतं. तो शेंदूर माझ्या बायकोचा होता आणि हात माझा होता. दगड जुनाच होता, माणसांनीच उभा केलेला होता, तुमच्या आजीने सांगितलं ते खरं होतं. त्याखालच्या चिपा मी माझ्या हाताने उपसल्या, आणि विचारलं तेव्हा गप्प बसलो. मला क्षमा करा.